बेंबीच्या जरा वर

लांजा

प्रिय आत्मादादा,

पाकीट बघून दचकू नकोस. कुणाला काही झालेलं नाही. जे व्हायचं होतं ते शिमग्यात होऊन गेलं आणि त्याला तू येऊन गेलास. हल्ली पत्र म्हणजे एकतर बँकेचं नाहीतर कोर्टाचं, म्हणून आधीच सांगून टाकलं. पण करू काय? फोन केला की तू म्हणतोस, 'हां, बोल शिवा, पटकन बोल.' पटकन म्हटलं की माझी वाचाच बसते. व्हॉट्सॲपवर चार ओळी लिहाव्यात, तर तुझा अंगठा येतो. मला तुझा अंगठा नको आहे, दादा. म्हणून आज टायरचं दुकान दुपारीच बंद केलं, हाताचं ऑइल घासघासून काढलं आणि हे कागद घेऊन पडवीत बसलो. अक्षर माझं पहिल्यापासूनच कोंबडीच्या पायांचं, ते चालवून घे.

बाबा कसे गेले ते तुला कुणी धड सांगितलंच नाही. तू आलास तेव्हा घरभर रडारड, आणि जो तो आपापली कथा लावून देत होता. कुणी म्हणालं हार्ट अटॅक. कुणी म्हणालं, पालखीपुढे मरण आलं, केवढं भाग्य! भाग्य कसलं डोंबलाचं? दादा, ते मरण टळण्यासारखं होतं. आजार सापडला होता, त्याचं माप घेतलं होतं, मुंबईच्या ऑपरेशनची तारीखसुद्धा ठरली होती. हे मला अजून गिळता येत नाही. तू मोठ्या काकांकडे मुंबईला वाढलास, बाबांकडे तुझं येणं-जाणं पाहुण्यासारखंच राहिलं, तरी हे तुला कळायला हवं, असं मला रोज वाटतं.

गेल्या गणपतीनंतर त्यांनी पोटात धडधडतं म्हणायला सुरुवात केली. जेवून आडवे झाले की बेंबीच्या जरा वर, डाव्या अंगाला, तळवा ठेवायचे आणि मला हाक मारायचे, 'शिवा, हितं हात लाव, बघ कसा उडताय.' मी हात लावायचो, तर खरंच तळव्याखाली ठोके. बारीकसारीक नव्हेत, चांगले हात उचलून धरणारे. कंबरही दुखायची. पण एकोणऐंशी वर्षांच्या माणसाची कंबर दुखते यात नवल ते काय? अजून बांधाच्या दगडी गडग्यावरून उडी मारून काजूच्या बागेत जाणारा माणूस! मी म्हटलं, जरा वयाप्रमाणे वागा, म्हणजे नाही दुखणार.

आता तू मुंबईत वाढलेला, तुला ठाऊक नसेल. आमच्याकडे पोटात असं उडायला लागलं की त्याचं निदान एकच, बेंबी सरकली. ठोका बरोबर बेंबीवर लागायला हवा. वर, खाली, बाजूला लागला म्हणजे ती जागची हलली. मग राहीआत्येकडे जायचं. राहीआत्ये म्हणजे वरच्या घरातली, आपल्या आईची मैत्रीण. ती माणसाला उताणं निजवते, कोमट तेल चोळते, बेंबीवर पेटती पणती ठेवते आणि वर पेला उपडा घालते. पणती विझते, पेला मांस घट्ट ओढून धरतो, आणि झाली बेंबी जागेवर. आख्ख्या वाडीच्या बेंब्या तिनं बसवल्यात. माझीसुद्धा बसवलीय, एकदा ट्रकचं चाक एकट्यानं उचलायची मस्ती केली होती तेव्हा. बाबांनाही तिच्या हाताखाली चार दिवस बरं वाटायचं. मग पुन्हा धडधड, पुन्हा तेल. शेवटी तीच वैतागून म्हणाली, 'काशीदादाची बेंबी लय हट्टी गो बाय!' आम्ही सगळे हसलो. बाबा तर खोकला लागेपर्यंत हसले. 

सापडलं तेसुद्धा भलत्याच निमित्तानं. माघात त्यांना लघवीचा त्रास सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, प्रोस्टेट असेल, सोनोग्राफी करून या. मी त्यांना रत्नागिरीला नेलं. तिथल्या सेंटरात पाणी पिऊन पिऊन आधीच त्यांचा जीव मेटाकुटीला आलेला, त्यात अंधारी खोली आणि समोर बाई डॉक्टर. शर्ट वर करायलाच तयार होईनात. मी दटावलं तेव्हा डोळे मिटून पडले, लग्नातल्या नवरीसारखे. डॉक्टरीणबाई हसतमुख होत्या. ओटीपोटावर गार जेल लावून, यंत्र फिरवत, 'काजू कसा आहे यंदा' वगैरे विचारत होत्या. मग त्यांचं लक्ष बाबांच्या पोटाकडे गेलं. बेंबीच्या वरची कातडी ठोक्याठोक्याला उचलली जात होती, तेवढ्या अंधारातही ते दिसत होतं. त्यांनी यंत्र वर सरकवलं. उभं धरलं, आडवं धरलं, थोडं दाबून पाहिलं, स्क्रीनवर रेघा मारून मापं घेतली. पुन्हा घेतली. मग मला स्क्रीनजवळ बोलावलं.

मला त्या करड्या धुक्यात काय कळणार? पण मधोमध एक काळा गोल होता आणि तो ठोक्याबरोबर हलत होता. बाई म्हणाल्या, ही एओर्टा, म्हणजे हृदयातून निघून पोटातून पायांकडे जाणारी मुख्य रक्तवाहिनी. तिची जाडी दोन सेंटिमीटरच्या आसपास असते, यांची सहा पॉइंट दोन आहे. एका जागी तिची भिंत सैल पडून फुगलीय. मी मनात म्हटलं, हे मला कशाला समजावता! माझा जन्म ट्यूबा बघण्यात गेला. जुन्या ट्यूबला एका जागी फुगा येतो, रबर तिथे पातळ होतं, हवा त्यालाच रेटत राहते, आणि एक दिवस साधा खड्डासुद्धा पुरतो. मी विचारलं, फुटेल? त्या म्हणाल्या, फुटू शकते, आणि फुटली तर वेळ मिळत नाही. बेंबी वगैरे काही सरकलेली नव्हती, दादा. इतके महिने आम्ही त्या फुग्यालाच तेल लावत होतो.

त्यानंतर मी हयगय केली नाही, एवढं तरी मला म्हणता येतं. हातात रंगाचं इंजेक्शन देऊन सीटी झाला, त्यातही तेच आलं. मुंबईच्या सर्जननं फोटो बघून सांगितलं, जांघेतल्या शिरेतून जाळीची नळी आत सरकवू, फुगा आतून बंद होईल, पोट फाडायची गरज नाही. या वयातही माणूस चालत घरी जातो म्हणाले. त्यांनी लगेचच बोलावलं होतं. पण बाबा हटून बसले. म्हणाले, 'पालखी घराकडं येऊन जाऊंदे. मग कुठं न्यायचा तिथं ने.' मी भांडलो, शिव्या घातल्या, बायकोला मध्ये घातलं, सर्जनशी फोनवर बोलायला लावलं. ऐकतील तर शपथ! एकच पालुपद, देवाला भेटल्याशिवाय गावाबाहेर जाणार नाही. शेवटी शिमगा संपल्या संपल्याची तारीख घेतली. वजन उचलायचं नाही, जोर करायचा नाही, बिडी ओढायची नाही, पोटाला कुणी हात लावायचा नाही, हे सगळं ते मुकाट पाळत होते. राहीआत्येलाही मी सांगून आलो, आता तेल बंद.

पालखी आपल्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, आली ती भर दुपारी. ढोल असा वाजत होता की शेजारचा माणूस काय बोलतो ते ऐकू येऊ नये. आमच्या हिनं ओटी भरली, नारळ ठेवला. बाबा पालखीच्या दांड्याला कपाळ टेकून उभे राहिले. ओठ हलत होते. गाऱ्हाणं घालणारा वेगळा होता, पण त्यांचं त्यांचं काहीतरी चाललं होतं आणि ते संपेना. डोळ्यांतून पाण्याची धार. मला वाटलं, ऑपरेशनला घाबरले असतील. मग पालखी नाचवायला उचलली, मी प्रसादाचं ताट घ्यायला वळलो, आणि मागे बघतो तर बाबा दांड्याखाली! खांदा लावून, गुडघ्यात वाकून, पोरासारखे नाचतायत. मी ओरडलो, पण त्या ढोलात कुणाला ऐकू जाणार? लोक उलट चेवले, काशीनाना नाचतायत म्हणून. मी जाऊन त्यांचा दंड धरला तेव्हा ते आपणहून बाजूला झाले, पायरीवर बसले आणि म्हणाले, 'कंबरेत काय तरी तुटला रे.' चेहरा पांढराफटक, अंगाला गार घाम. लोकांना वाटलं, अंगात देवाचं वारं आलं. कुणीतरी राहीआत्येला पुढे ढकललं, बेंबी बघ म्हणून. तिनं हात पुढे केला आणि माझ्याकडे बघून मागे घेतला.

मी त्यांना उचलून गाडीत घातलं. रत्नागिरीच्या हॉस्पिटलला आधी फोन लावून ठेवला, स्पष्ट सांगितलं की एओर्टा फुटलीय, रक्त तयार ठेवा. बाबांचं डोकं हिच्या मांडीवर होतं. वाटेतली पाली मागे पडली तेव्हा ते पाणी मागत होते. हातखंब्याला पोचलो तेव्हा मागत नव्हते. पुढचं तुला माहीत आहे.

तू आलास, तुझ्यासाठी आम्ही थांबलो होतो. अग्नी मी दिला. तू मागे, माणसांत उभा होतास, मुंबईच्या इतर पाहुण्यांबरोबर. भटजींनी नियम सांगितला, दत्तक गेलेल्याला जन्मदात्याचं सुतक तीनच दिवस. चौथ्या दिवशी तू बॅग भरलीस. मी तुला राहा म्हटलं नाही आणि तूही राहू का विचारलं नाहीस. आपण दोघांनी माझ्या दुकानासमोर एसटीची वाट बघत प्रत्येकी एक सिगारेट ओढली आणि यंदाच्या उन्हाबद्दल बोललो. दादा, सख्खे भाऊ आपण, आणि ऊन! मला फार लागलं ते. तुझा राग नाही आला, आपल्या दोघांची कीव आली. इतक्या वर्षांत आपण एकदाही धड भांडलो नाही, तू माझ्या कानाखाली एकदाही वाजवली नाहीस. गणपतीला तू यायचास तेव्हा आई तुला चांगल्या ताटात वाढायची आणि मला रोजच्या. मी जळायचो. तिला तुला रोजच्या ताटात वाढायची किती हौस होती, ते मला फार उशिरा कळलं.

तुला दिलं तेव्हा तू चार वर्षांचा होतास. हरिश्चंद्रकाका आणि मालनकाकी शिमग्याला आले होते, त्यांना मूल नव्हतं, डॉक्टर-देव सगळं करून झालं होतं. बाबांनी पालखीसमोर तुला उचलून काकीच्या ओटीत घातलं आणि देवाला शब्द दिला की हा आता त्यांचा, आम्ही याच्यावर हक्क सांगणार नाही. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. आईनं हे मला एकदाच सांगितलं, चुलीकडे तोंड करून. बाबांनी शब्द असा पाळला की कुणी विचारलं, काशीराम, मुलगे किती, तर म्हणायचे, एक. आईच्या देखत म्हणायचे. तू समोर बसलेला असलास तरी म्हणायचे. आणि तू त्यांना काका म्हणायचास.

आता माझं सांगतो. परवा मीही जाऊन पोटाची सोनोग्राफी करून आलो, त्याच बाईंकडे. माझी तीन पॉइंट चार निघाली. घाबरू नकोस, एवढ्यात काही करायचं नसतं. वर्षाला एकदा जाऊन मापायची, बीपी ताब्यात ठेवायचं आणि सिगारेट बंद. बंद केली मी, खरंच. दिवसभर बडीशेप चघळतो आणि गिऱ्हाइकांवर खेकसतो. हिचं म्हणणं, यापेक्षा ओढत होतास ते बरं. राहीआत्ये येऊन बसते कधीकधी. तिनं तेल चोळणं सोडलंय. 'माज्या हातानं झाला काय रे ह्या?' म्हणून विचारते. नाही म्हणतो. बाईंनीही तसंच सांगितलंय, वाढायची ती वाढतच होती. फक्त वेळ गेला, तो कुणाच्या हातानं गेला ते कसं सांगायचं?

त्या पहिल्या सोनोग्राफीच्या दिवशीची एक गोष्ट मी अजून कुणालाच सांगितलेली नाही. मापं घेऊन झाल्यावर बाई बाबांना म्हणाल्या, आजोबा, हा आजार रक्तातून येतो, मुलांमध्येही असू शकतो. पन्नाशी उलटलेल्या मुलांना तपासून घ्यायला सांगा. मुलगे किती तुम्हाला? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, सवयीनं. बाबा त्या टेबलावर उठून बसले, पोटावरचं जेल तसंच, आणि म्हणाले, 'दोन. थोरला आत्माराम, मुंबयला असतो. ह्यो धाकटा.' दोनदा म्हणाले ते. बाईंनी लिहून घेतलं की नाही तेही वाकून बघितलं.  घरी येताना गाडीत, पाली आल्यावर, एवढंच म्हणाले, 'देवाला सांगाया हवा.' मला तेव्हा अर्थ लागला नाही. आता वाटतं, पालखीसाठी ते थांबले ते ऑपरेशनच्या भीतीनं नव्हे. देवाला दिलेला शब्द मोडला होता, तो त्याच्या तोंडावर कबूल केल्याशिवाय त्यांना जायचं नव्हतं. हे तुला बोचावं म्हणून लिहीत नाही, दादा. मला एकट्याला हे पेलत नाही, म्हणून लिहितो.

तर पत्र लिहायचं कारण एवढंच. तू अठ्ठावन्नचा आहेस, दिवसाला पाकीट ओढतोस, आणि त्यांचंच रक्त आहेस. तुमच्या विरारला चौकाचौकात सोनोग्राफी होते. सकाळी उपाशीपोटी जा, सुई नाही की दुखणं नाही, दहा मिनिटांचं काम. उद्या जा, रविवारची वाट बघू नकोस. तुझ्या अजिंक्यला एवढ्यात घाई नाही, पोर तरुण आहे, पण त्याच्या कानावर घालून ठेव. तिथले डॉक्टर तुला विचारतील, घरात आधी कुणाला होतं का? तू सवयीनं म्हणशील, 'काकांना होतं.' काकांना म्हटलंस तर तेही मान डोलावतील आणि वरवर बघून तुला सोडून देतील. तसं करू नकोस, तुझ्या पाया पडतो. पालखी नाही तिथे, देव नाही, मालनकाकीही आता नाही वाईट वाटून घ्यायला. अंधारी खोली असते, तू आणि डॉक्टर, तिसरं कुणी नाही. तिथे सांग, माझ्या वडिलांना होतं.

तुझाच धाकटा भाऊ,
शिवा